दुकानाचा ब्रँड घरात कसा आणावा: पाकिटाची पाठ वाचण्यापासून डोळे मिटून चव घेण्यापर्यंत

किराण्याचं बिल उतरवायचं म्हटलं की बहुतेक घरांत पहिली कात्री खाण्यावरच चालते. बिस्किटं बंद, सुकामेवा बंद, चांगलं तेल बंद. मला हे कधीच पटलेलं नाही. वस्तू तीच ठेवून पाकिटावरचं नाव बदललं तरी बिल उतरतं, आणि ताटातलं काही कमी होत नाही.

मोठ्या दुकानांच्या साखळ्या मीठ, साखर, पीठ, तेल, साबण असं बरंच काही स्वतःच्या नावानं विकतात. व्यापारात त्याला प्रायव्हेट लेबल म्हणतात. इथे मी त्याला दुकानाचा ब्रँड म्हणेन, आणि जाहिरातींतून घरोघरी पोहोचलेल्याला नामांकित ब्रँड. सगळं एकदम बदलायला जाऊ नका. एखादीच वस्तू फसते, पण घरातली मंडळी मग सगळ्यालाच नाकं मुरडतात. क्रमानं गेलात तर असं होत नाही.

आधी समजून घ्या: स्वस्त का पडतं

दुकानाची साखळी सहसा स्वतःचा कारखाना चालवत नाही. ती एखाद्या उत्पादकाला आपल्या अटी सांगते आणि त्याच्याकडून माल बनवून घेते. असे काही उत्पादक फक्त दुकानांसाठीच माल बनवतात, तर काहींचा स्वतःचा नामांकित ब्रँडही असतो. दुकानाला या मालाची फारशी जाहिरात करावी लागत नाही आणि फळीवरची जागाही त्याचीच असते. तो वाचलेला खर्च किमतीत दिसतो.

‘दोन्ही एकाच कारखान्यात बनतं, आत तेच असतं’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. कारखाना एक असला तरी कृती वेगळी असू शकते: टोमॅटो कमी, पाणी जास्त, तेल दुसरं. मात्र आत नक्की काय आहे हे पाकीटच सांगतं, त्यामुळे ही अफवा खरी की खोटी याचा शोध घेत बसायची गरज पडत नाही.

दुकानाचा ब्रँड म्हणजे हलका माल, ही समजूत जुनी आहे. फ्रान्समध्ये कारफूर या दुकानांच्या साखळीनं १९७६ साली बिननावाच्या साध्या पाकिटांतला माल आणला, आणि कॅनडात लोब्लॉ या साखळीनं १९७८ साली ‘नो नेम’ची पिवळी पाकिटं. पण त्याच लोब्लॉनं १९८४ साली ‘प्रेसिडेंट्स चॉइस’ हा चढ्या दर्जाचा ब्रँडही काढला. म्हणजे एकाच दुकानाच्या ब्रँडमध्ये दोन-तीन थर असतात: अगदी साधा, मधला आणि खास. साध्या थरातली एक वस्तू आवडली नाही म्हणून मधला थर न बघताच सोडून देणं, ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक.

पहिली पायरी: एकाच घटकाच्या वस्तूंपासून सुरुवात

नेहमीची यादी समोर घ्या आणि ज्या वस्तूत एकच घटक आहे तिच्यापुढे खूण करा. साखर, मीठ, खाण्याचा सोडा, कॉर्नफ्लोर, तांदूळ, कडधान्यं आणि डाळी, नुसत्या गोठवलेल्या भाज्या. इथे कृती नावाची गोष्टच नसते. पांढरी साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. नावानं त्यांच्या रेणूत फरक पडत नाही.

जाणकार काय करतात ते बघा. अमेरिकेतल्या घरगुती खरेदीच्या नोंदींवर काही अर्थतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. डोकेदुखीची गोळी विकत घेताना औषधविक्रेते सर्वसामान्य ग्राहकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा दुकानाच्या नावाची गोळी घेत होते. मीठ, साखर, खाण्याचा सोडा यांसारख्या वस्तूंच्या बाबतीत व्यावसायिक शेफ तसंच करत होते. आत काय आहे हे ज्यांना ठाऊक आहे, ते नावाचे पैसे मोजत नाहीत.

दोन-तीन बारकावे मात्र आहेत. मीठ घेताना ते आयोडीनयुक्त आहे का आणि दाणा किती जाड आहे ते बघा. जाड मिठाचा एक चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा वजनाला कमी भरतो, आणि मग ‘या मिठाला खारटपणाच नाही’ अशी तक्रार सुरू होते. व्हिनेगर साठवणीच्या पदार्थांसाठी हवं असेल तर त्यावरचा आम्लतेचा टक्का वाचा. बेकिंग पावडर खाण्याच्या सोड्यासारखी सरळ नसते. ती सोडा आणि आम्लाचं मिश्रण आहे आणि प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, तेव्हा पाहुण्यांसाठी केक करायच्या दिवशी नवं पाकीट उघडू नका.

दुसरी पायरी: पाकीट उलटं करा

माझ्या दृष्टीनं खरं काम या पायरीवर होतं. पाकिटाचं तोंड विकण्यासाठी असतं, पाठ माहितीसाठी. दुकानात उभं राहून दोन्ही पाकिटं हातात घ्या, उलटी करा आणि घटकांची यादी शेजारी शेजारी धरून वाचा. बहुतेक देशांत हे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी.

एकदा मी टोमॅटोच्या सॉसच्या अशा दोन बरण्या धरून उभी होते. नामांकित बरणीवर सुंदर लालभडक टोमॅटोंचं चित्र होतं, पण पाठीवर पहिला शब्द पाणी, मग टोमॅटोची पेस्ट, मग साखर, मग स्टार्च. दुकानाच्या बरणीचं लेबल फिकट होतं, अक्षरंही साधी. तिच्या पाठीवर टोमॅटो, टोमॅटोचा रस, मीठ, सायट्रिक ॲसिड, आणि यादी संपली. मी चित्र बघूनच टोपलीत टाकायला निघाले होते. याच्या उलटंही अनेकदा होतं, दुकानाच्या बरणीतच पाणी पहिलं निघतं. वाचल्याशिवाय कळत नाही एवढाच मुद्दा.

पोषणाचा तक्ता वाचताना ‘एका वाढपामागे’ (पर सर्व्हिंग) हा रकाना सोडून द्या. एकाचं वाढप ३० ग्रॅमचं, दुसऱ्याचं ४५ ग्रॅमचं, मग तुलना कशाची करणार? दर १०० ग्रॅममागचे आकडे बघा. तिथे सोडियम, साखर आणि संपृक्त चरबी दोन्हीकडे सारखी असेल तर वस्तू बरीचशी सारखी आहे. पाव किंवा केक करणाऱ्यांनी मैद्याच्या पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा जरूर वाचावा. १०० ग्रॅममागे १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असलेला मैदा पावाला चांगला, ९ ग्रॅमच्या आसपासचा केकला. पीठ ‘वाईट’ निघाल्याच्या अनेक तक्रारी खरं तर या आकड्याच्या असतात.

तिसरी पायरी: किंमत नव्हे, दर काढा

स्वस्त पाकीट आणि स्वस्त वस्तू यांत फरक आहे. समजा नामांकित पाकीट १ किलोचं आहे आणि दुकानाचं ८०० ग्रॅमचं. दुकानाच्या पाकिटाची किंमत १० टक्के कमी दिसते, म्हणून आपण खूश. पण आतला माल २० टक्के कमी आहे. भागाकार केला तर किलोमागे तुम्ही साडेबारा टक्के जास्त मोजताय. पाकिटांची उंची आणि रुंदी इतकी सारखी ठेवलेली असते की हा फरक डोळ्यांना दिसत नाही. फळीवर किलोचा किंवा लिटरचा दर लिहिलेला असेल तर तोच वाचा. नसेल तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा, किमतीला वजनानं भागा. दहा सेकंदांचं काम आहे.

डबाबंद कडधान्यांसाठी आणखी एक आकडा बघावा लागतो, तो म्हणजे निथळलेलं वजन. ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर २४० ग्रॅम दाणे उरतात, हे अगदी नेहमीचं. मी एकदा दोन डबे चाळणीत ओतून घरच्या वजनकाट्यावर ठेवले. बाहेरून जुळे भाऊ, पण एकात दुसऱ्यापेक्षा मूठभर दाणे कमी. तेव्हापासून डब्यावर हा आकडा असेल तर दर त्यावरूनच काढते.

नामांकित ब्रँडवर सूट लागली असेल तर तो दुकानाच्या ब्रँडपेक्षा स्वस्त पडू शकतो. अशा वेळी खुशाल तो घ्या. आपल्याला एका नावाची निष्ठा सोडून दुसऱ्या नावाची धरायची नाहीये.

चौथी पायरी: एका फेरीत दोनच बदल

नवी वस्तू सगळ्यात लहान पाकिटात आणा, आणि एका खरेदीत दोनच बदला. जास्त बदललं की स्वयंपाक बिघडल्यावर दोष कुणाचा ते कळत नाही. जुनं पाकीट पूर्ण संपू देऊ नका, थोडं मागे ठेवा. पुढच्या पायरीला ते लागणार आहे.

साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड यांच्या बाबतीत ही पायरी लांबवा. तिथे पाकिटाचा दर फसवा असतो, कारण पातळ लिक्विड दुप्पट ओतावं लागतं. बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा आणि ती किती दिवस पुरली ते बघा.

पाचवी पायरी: डोळे मिटून चव घ्या

‘मला लगेच कळतं’ असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्यांच्याशी वाद घालू नका, परीक्षा घ्या. अन्नाची चव तपासणारे लोक जी पद्धत वापरतात तीच घरी करता येते. तीन सारख्या वाट्या घ्या. दोनांत एक ब्रँड, तिसऱ्यात दुसरा. वाट्यांच्या तळाला खुणा करा, जागा बदला आणि चव घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: वेगळी वाटी कोणती?

कोणती चांगली हे आत्ता विचारायचं नाही. आधी फरक कळतो का तेवढंच बघायचं. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा बरोबर आलं तर ते पुरेसं नाही. जागा बदलून तीनदा करा. अंदाजानं तिन्ही वेळा बरोबर येण्याची शक्यता २७ मध्ये १ इतकीच उरते, तेव्हा तिन्ही वेळा ओळखलं तर त्या जिभेला मान द्या आणि ती वस्तू बदलू नका. नाही ओळखलं तर प्रश्नच मिटला, आणि कुणाचा अपमानही झाला नाही.

वस्तू जशी खाता तशीच चाखायची, हे सांभाळा. शिजवून खायची वस्तू शिजवून, दुधात भिजवून खायची असेल तर भिजवून. तेलाचा नुसता थेंब जिभेवर ठेवून काही कळत नाही.

जिथे घाई करू नये

चहा, कॉफी, चॉकलेट, लोणी, दही यांत कृतीला आणि मिश्रणाला फार महत्त्व असतं. चहाचं मिश्रण करणारे वेगवेगळ्या मळ्यांची पानं एकत्र करून वर्षभर एकच चव राखतात. ते कसब आहे आणि त्याचे पैसे मोजण्यात काही गैर नाही. सकाळचा कप ज्याच्यावर उभा आहे त्यात काटकसर करून मन खट्टू करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बचत मिठा-साखरेत करा आणि ती इथे खर्च करा.

तान्ह्या बाळाची दुधाची पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. घरात कुणाला शेंगदाणे, दूध, अंडं, गहू, सोया यांची ॲलर्जी असेल तर प्रत्येक वेळी लेबल पहिल्यापासून वाचा, मागच्या महिन्यात वाचलं असलं तरी. दुकान उत्पादक बदलू शकतं. पाकीट हुबेहूब तसंच दिसतं आणि आतली कृती किंवा कारखाना दुसरा असतो.

वही ठेवा

हे सगळं डोक्यात राहत नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि तीन रकाने पाडा: बदललं, परत गेलो, अजून बघतोय. माझ्या कागदावर पहिल्या रकान्यात मीठ, साखर, मैदा, गोठवलेले मटार, टोमॅटोचा सॉस, व्हिनेगर आणि फॉइल आहे. दुसऱ्यात कॉफी आणि भांड्यांचं लिक्विड. कोको पावडर दोनदा खोडून परत तिसऱ्या रकान्यात आली आहे. साध्या थरातली फिकी निघाली, आता मधल्या थरातली आणली आहे, आणि जुन्या पाकिटातले चार चमचे वाट्यांच्या परीक्षेसाठी बाजूला ठेवले आहेत.