काळ्या मातीवरचं घर तडकलं तर: पायाची तपासणी, दुरुस्ती आणि खर्चाचा हिशेब

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरात, देवघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली तेव्हा मे महिना होता. आईने त्यात नख घालून पाहिलं, ते अख्खं आत गेलं. मिस्त्रीला बोलावलं. त्याने घट्ट सिमेंट भरलं, वर पुट्टी आणि रंग लावला, साडेसात हजार रुपये घेतले. भाद्रपदात गौरी बसवायला देवघर आवरलं तर भरलेली जागा फुगून पुढे आलेली आणि वीतभर अंतरावर नवी भेग. मिस्त्रीच्या हाताला दोष नव्हता, आमचा क्रम चुकला होता. म्हणून कुठलं काम आधी करायचं आणि कशाला किती पैसे लागतात, ते सांगतो.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा तो गुण आहे. घराखालची मधली माती ओलसर राहते, कडेची सुकते, त्यामुळे कोपरे आधी हलतात. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचते आणि जुन्या घरांचे पाये बहुतेक तीन-चार फुटांवरच थांबलेले असतात. मे महिन्यात भेग सर्वांत रुंद असते. तेव्हा तिच्यात कडक सिमेंट ठासलं की पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही, मग ती दुसरीकडे तडकते.

पहिली पायरी: भेग वाचा (खर्च शंभर-दोनशे रुपये)

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. सर्वांत रुंद जागी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा. काच फुटली तर भिंत अजून हलतेय. महिन्यातून एकदा स्टीलच्या पट्टीने रुंदी मोजून वहीत टिपा. केसासारखी, एक मिलिमीटरच्या आतली भेग बहुतेकदा प्लास्टरपुरतीच असते. पाच मिलिमीटरच्या पुढे गेली तर इंजिनीअर हवाच. पंधराच्या पुढे असेल, कॉलमची सळई दिसत असेल किंवा लादी भिंतीपासून सुटली असेल, तर वही ठेवून द्या आणि आजच फोन करा.

दरवाजा अडकतो एवढ्यावरून मात्र घाबरू नका. श्रावणात लाकूडही फुगतं. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली आहे का, ते बघा.

दुसरी पायरी: पाणी शोधा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. आपल्याकडे नर्मदेचं पाणी आलं की प्रत्येक घरी हौद भरून ठेवतात, आणि तो बहुधा पोर्चखाली, पायाला खेटून असतो. रात्री घरातले नळ, मोटर आणि हौदात येणारं पाणी बंद करा, हौदातल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा, सकाळी बघा. आमच्या हौदात पाणी चार बोटं उतरलं होतं. कोपऱ्यातली माती वर्षानुवर्षं हौद भिजवत होता आणि आम्ही भेगेला रंग लावत होतो.

मग गच्चीच्या पावसाच्या पाइपाचं तोंड कुठे सुटतं ते पाहा, ड्रेनेजचं चेंबर उघडा, कूलरचं पाणी कुठे जातं ते तपासा. हौदाला आतून वॉटरप्रूफिंग करायला आकारानुसार पंधरा ते चाळीस हजार धरा. पावसाचा पाइप पायापासून लांब नेणं दोन-तीन हजारांत होतं.

कंपाउंडात मोठा कडुनिंब असेल तर तो एकदम तोडू नका. मुळं पाणी ओढायची थांबली की कोरडी माती ओल धरून फुगते आणि पाया वर उचलला जातो.

तिसरी पायरी: इंजिनीअर आणि मातीची तपासणी

दुरुस्ती विकणाऱ्याकडून निदान घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा. घरी येऊन लेखी अहवाल द्यायला साधारण पाच ते पंधरा हजार लागतात. गरज असेल तर तो मातीची तपासणी सांगेल, दोन ठिकाणी बोअर करून प्रयोगशाळेच्या अहवालासह पंधरा ते तीस हजार. अहवालात 'फ्री स्वेल इंडेक्स', म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते सांगणारा आकडा, मागून घ्या. तो ५० टक्क्यांच्या वर असेल तर माती जास्त फुगणारी आहे.

चौथी पायरी: दुरुस्तीचा हिशेब

पुढचे दर ढोबळ आहेत, बजेटचा अंदाज घ्यायला पुरेसे.

घराभोवती ओटा, म्हणजे प्लिंथ प्रोटेक्शन, सर्वांत स्वस्त आणि काळ्या मातीत सर्वांत कामाचं. तो किमान पाच फूट रुंद आणि बाहेरच्या बाजूला उतार असलेला हवा. घराच्या मोकळ्या कडा ८० फूट असतील तर ४०० चौरस फूट काम, दीडशे रुपये दराने ६०,००० रुपये. ओटा आणि भिंत यांच्यातला सांधा लवचीक सीलंटने भरून घ्या, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरतं.

भेगा भरण्यासाठी फुटाला दोनशे ते पाचशे. पाणी थांबवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा निरीक्षण झाल्यावरच हे काम करा.

पाया खरंच खचला असेल तर अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली खोदून नवा आधार. पूर्ण भिंत एकदम कधीही उघडी पाडायची नाही. चार-चार फुटांचे टप्पे, एक आड एक घ्यायचे. ४० फुटांच्या भिंतीचे दहा टप्पे होतात. टप्प्याला बारा ते पंचवीस हजार धरले तर एक लाख वीस हजार ते अडीच लाख. खोदाई दिवाळी ते होळीच्या दरम्यान करा, पावसाळ्यात अजिबात नको.

कोटेशन घेताना १८ टक्के जीएसटी आत आहे की वेगळा, हे लिहून घ्या. दोन लाखांवर तो ३६,००० होतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक खड्डा भरण्याआधी इंजिनीअरने तो पाहिला पाहिजे, ही अट कागदावर असू द्या.

पैसे दुसऱ्याने द्यायचे असतात तेव्हा

रेरात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पात घर घेतलं असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या, फोटोवर तारीख असू द्या. विम्यावर फार भिस्त ठेवू नका. 'भारत गृह रक्षा' या घराच्या विमा पॉलिसीत जमीन खचण्याचं संरक्षण आहे, पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं-तडकणं आणि सदोष बांधकाम त्यातून वगळलेलं आहे. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत आणि जुन्या करप्रणालीत असाल, तर राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

आम्ही हौद दुरुस्त केला, ओटा घातला, पावसाचा पाइप गटारापर्यंत नेला. अंडरपिनिंगची वेळ आली नाही. देवघरातली काच दोन उन्हाळे अखंड राहिली, तेव्हा कुठे भेग भरून रंग दिला.