श्रीलंकेत हत्ती बघायचे तर हबरणात उतरा

पावसाळ्यात दाजीपूरचं जंगल बंद असतं, म्हणून कोल्हापूरकर जंगलाचा बेत दिवाळीनंतर ढकलतात. श्रीलंकेला मात्र हा हिशेब लावू नका. मिन्नेरियाचा तलाव कोरड्या ऋतूत आटतो, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आसपासच्या रानातले शेकडो हत्ती तिथं चरायला उतरतात. पिल्लांसकट अख्खे कळप! आयुष्यात एकदा तरी बघावंच असं. ऑक्टोबर सरता सरता तिकडचा मोसमी पाऊस सुरू झाला, की ते पांगतात.

मुक्काम हबरणात करा. मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू ही तिन्ही रानं तिथून जवळ आहेत. तलावात पाणी जास्त असलं तर हत्ती दुसरीकडं सरकतात; म्हणून जीप ठरवताना 'आज कळप कुठं आहेत?' हे आधी विचारा. फेरी दुपारचीच घ्या. सकाळ सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्यासाठी मोकळी राहते.

बिबट्या बघायचा तर 'याला' राष्ट्रीय उद्यान गाठा, मुक्काम तिस्समहाराम गावाला. पण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा मुख्य भाग बहुतेक वर्षी बंद ठेवतात. त्या दिवसांत जाणार असाल तर उडवलवे राष्ट्रीय उद्यान धरा. तिथं हत्ती बारमाही दिसतात.