ग्लुट-४चा ब्लॉट करताय? या चुका टाळा

इन्सुलिनवर काम करणाऱ्या लॅबमध्ये नवा विद्यार्थी आला की ग्लुट-४ची अँटीबॉडी त्याच्या हाती लवकरच पडते. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर स्नायू, हृदय आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोज घेणारं हे प्रथिन. ब्लॉट म्हणजे नमुन्यातली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि हवं ते प्रथिन अँटीबॉडीने शोधायचं; सापडलं की तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. ब्लॉट कोरा आला की पहिला संशय अँटीबॉडीवर जातो: कुरियरमध्ये आइसपॅक वितळले असतील, लॉटच खराब असेल. कधी ते खरंही निघतं. पण नवी व्हायल मागवायला गाइडकडे जाण्याआधी नमुना कसा तयार केला ते तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच झालेला असतो.

नमुना उकळू नका

लोडिंग बफर घालायचा आणि ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवायचं, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की कुणी विचारही करत नाही. ग्लुट-४ पेशीच्या पटलातून १२ वेळा आरपार जातं. पटलात राहणारे हे भाग पाण्याला बिचकणारे. उकळलं की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा गठ्ठा जेलमध्ये शिरतच नाही. मग ग्लुट-४ दिसायला हवं तिथे, ५० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास शुकशुकाट आणि वर, वेलच्या (नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडाशी काळा डाग. अनेक जण मेम्ब्रेनचा वरचा भाग आधीच कापून दुसऱ्या अँटीबॉडीला वापरतात, त्यामुळे तो डाग दिसतच नाही. निदान पहिल्या वेळी तरी मेम्ब्रेन अख्खी ठेवा. एसडीएस आणि डीटीटी (प्रथिनांची घडी उलगडणारी रसायनं) घातलेला नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवला की काम होतं.

याच्याही आधीची चूक म्हणजे डिटर्जंट नसलेल्या बफरमध्ये पेशी फोडून जोरात फिरवणं. वरचं स्वच्छ पाणी जपून ठेवलं जातं. ग्लुट-४ मात्र तळाशी बसलेल्या पेलेटसोबत कचऱ्यात गेलेलं असतं.

५०चा बँड आला? थांबा

कोरा ब्लॉट परवडला. सुंदर, पण खोटा बँड जास्त घातक, कारण तो सरळ थिसिसमध्ये जाऊन बसतो. ग्लुट-४चं वजन हिशेबाने सुमारे ५५ किलोडाल्टन, पण जेलवर ते साधारण ४५ ते ५०च्या दरम्यान, जरा पसरट दिसतं. त्याच्यावर साखरेची साखळीही लागलेली असते, त्यामुळे धारदार रेघेची अपेक्षा ठेवू नका. उलट त्या जागी फारच रेखीव बँड दिसला तर माझ्या मनात पाल चुकचुकते.

आता गंमत बघा. उंदराच्या अँटीबॉडीची जड साखळी ५० किलोडाल्टनचीच असते. उंदराचा स्नायू घेतला, त्यात रक्त राहिलं, प्रायमरी, म्हणजे ग्लुट-४ला पकडणारी पहिली अँटीबॉडीही उंदराचीच वापरली, तर अँटी-माउस सेकंडरी (उंदराच्या अँटीबॉडीला पकडून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) त्या रक्तातल्या अँटीबॉडीलाच पकडते. बँड झकास येतो, तोही सगळ्या लेनमध्ये (प्रत्येक नमुन्याच्या रांगेत), आणि त्यात ग्लुट-४ किती हे देव जाणे. एक लेन प्रायमरीशिवाय, फक्त सेकंडरी लावून बघा. तिथेही बँड दिसला तर प्रश्न मिटला. उंदराच्या ऊतीसाठी सशाची प्रायमरी घ्या आणि ऊतीतलं रक्त शक्य तेवढं धुऊन काढा.

स्वस्तातला कंट्रोल बहुतेक लॅबच्या फ्रीजरमध्येच पडलेला असतो: शेजारी शेजारी हृदय आणि यकृत. हृदयात ग्लुट-४ भरपूर, यकृतात मुख्यतः त्याचा भाऊबंद ग्लुट-२. दोन्हीकडे सारखाच बँड आला तर अँटीबॉडी दुसरंच काही पकडते आहे. थ्रीटीथ्री-एलवन पेशी (लॅबमध्ये वाढवून चरबीपेशी बनवता येणाऱ्या उंदराच्या पेशी) वापरत असाल तर चरबीपेशी बनण्याआधीच्या पेशींचा लायसेटही (पेशी फोडून मिळालेला द्रव) लावा. त्यांच्यात ग्लुट-१ असतं, ग्लुट-४ जवळजवळ नसतं. ब्लॉकिंग पेप्टाइडवर (अँटीबॉडी जो तुकडा ओळखते तोच वेगळा बनवलेला) मात्र फार विसंबू नका. पेप्टाइड अँटीबॉडीची बांधायची जागाच अडवतं, त्यामुळे खरा बँड जातो तसा खोटाही जाऊ शकतो.

हा काथ्याकूट वाटत असेल तर जीएलपी-१ रिसेप्टरचं (आतड्यातल्या जीएलपी-१ संप्रेरकाला ओळखणाऱ्या प्रथिनाचं) उदाहरण घ्या. बाजारात मिळणाऱ्या, शोधनिबंधांत सर्रास वापरलेल्या काही अँटीबॉडी हा रिसेप्टर नसलेल्या नॉकआउट उंदरांतही तसाच सिग्नल देतात, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. तो रिसेप्टर नेमका कुठल्या ऊतींत आहे, याबद्दलचे बरेच दावे त्यामुळे पुन्हा तपासावे लागले.

इन्सुलिन दिलं, तरी बँड तेवढाच?

अँटीबॉडी दोषी नाही. इन्सुलिनने अर्ध्या तासात ग्लुट-४ वाढत नाही, ते जागा बदलतं. पेशीच्या आतल्या पुटिकांमधून ते पृष्ठभागावर येतं. ग्लुकोज-वाहक असे आतून बाहेर सरकतात हे १९८० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. चरबी आणि स्नायूंतला हा खास वाहक वेगळा असल्याचं १९८८ मध्ये एका मोनोक्लोनल अँटीबॉडीनेच उघड केलं. पूर्ण लायसेटमध्ये हा फरक दिसणारच नाही. पृष्ठपटल वेगळं काढा किंवा पृष्ठभागावरची प्रथिनं बायोटिनने चिन्हांकित करून मोजा.

मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्यांची याच कारणाने फसगत होते. बाजारातल्या बऱ्याच अँटीबॉडी प्रथिनाच्या शेवटच्या, म्हणजे सी-टोकाविरुद्ध बनवलेल्या असतात, कारण ग्लुट-१ आणि ग्लुट-४ तिथे बरेच वेगळे आहेत. पण ग्लुट-४ची दोन्ही टोकं पेशीच्या आत असतात. पटलाला छिद्रं न पाडता ही अँटीबॉडी घातली तर ती बाहेरच फिरत राहते. छिद्रं पाडली तर आतलं-बाहेरचं सगळंच उजळतं. फक्त पृष्ठभागावरचं हवं असेल तर बाहेरच्या लूपमध्ये मायक किंवा एचए टॅग (अँटीबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण) बसवलेलं ग्लुट-४ असलेल्या पेशी घ्या.

लोडिंग कंट्रोलचंही (सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखंच भरलं का हे दाखवणाऱ्या प्रथिनाचं) पथ्य आहे. ट्युब्युलिन ५०-५५वर म्हणजे ग्लुट-४च्या अंगावरच येतं. अ‍ॅक्टिन ४२वर, तेही खेटूनच. ३७वरचं जीएपीडीएच जागेच्या दृष्टीने सोयीचं, पण ते ग्लायकोलिसिसचं एन्झाइम. इन्सुलिनच्या प्रयोगात त्याची पातळी स्थिर राहील असं धरून चालणं धोक्याचं. मी तरी पॉन्सो (सगळी प्रथिनं रंगवणारा रंग) लावून अख्ख्या लेनचं प्रथिन मोजणं पसंत करेन. आणि सेकंडरीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड घालू नका. सेकंडरीला जोडलेलं, सिग्नल देणारं एचआरपी एन्झाइम त्याने मंदावतं आणि पुन्हा कोऱ्या ब्लॉटचं खापर अँटीबॉडीवर फुटतं.