परग्रहावरची जीवसृष्टी शोधायचं काम करायचंय? मिताकाहून थोडा अनुभव

बीएस्सीला असलेली बरीच मुलं-मुली विचारतात की पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का हे शोधायचं काम करायचंय, तर शिकायचं काय आणि जायचं कुठे. मी सध्या टोकियोच्या पश्चिमेला मिताकाला पीएचडी करतेय, जपानचं ॲस्ट्रोबायोलॉजी सेंटर, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीवर संशोधन करणारं केंद्र, इथेच आहे, म्हणून जे बघितलंय आणि केलंय तेवढं लिहिते, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसायला नको.

पहिलं म्हणजे हे सेंटर एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालं, राष्ट्रीय वेधशाळेच्याच आवारात आहे, मुसाशी-साकाई किंवा चोफू स्टेशनवरून बस पकडायची आणि तेनमोंदाई-माए स्टॉपला उतरायचं, तेनमोंदाई म्हणजे वेधशाळा. सेंटर ज्या सरकारी छत्राखाली आहे त्यातच राष्ट्रीय वेधशाळा येते आणि ओकाझाकीच्या बायोलॉजी आणि मॉलिक्युलर सायन्सच्या संस्थाही येतात. ही रचना नीट समजून घ्या, कारण इथलं सगळं काम त्यावरच चालतं. तारे बघणारा माणूस, रसायनवाला आणि वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण अभ्यासणारा माणूस एका पेपरवर एकत्र दिसतात ते त्यामुळेच.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ऑक्सिजनचं. आपण शाळेपासून ऐकतो की ग्रहाच्या वातावरणात ऑक्सिजन दिसला की तिथे झाडं किंवा सूक्ष्मजीव असणार. २०१५ मध्ये इथल्या नोरिओ नारिता यांनी शिगेयुकी मासाओका या रसायनशास्त्रज्ञासोबत दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात असेल आणि त्यावर ताऱ्याचा अतिनील (दृश्य प्रकाशालगतचा) प्रकाश पडला तर पाणी फुटून ऑक्सिजन तयार होऊ शकतो, जीव एकही नसताना! म्हणजे उद्या कुठे ऑक्सिजन सापडला तरी लगेच नाचायचं नाही, आधी हा मार्ग बाद करायचा, मग दुसरा, मग तिसरा. इथे आल्यावर तुमचे बहुतेक दिवस असेच जाणार, वेगळं काय काय असू शकतं ते शोधून एकेक खोडत जायचं. ज्याला यात मजा वाटते त्याने जरूर यावं, ज्याला फक्त एलियन हवेत त्याची इथे फार घुसमट होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं रोजचं काम ट्रान्झिटचं आहे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, छोट्या लाल ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर जेमतेम अर्धा टक्का, कधी त्याहूनही कमी. नासाचा टेस उपग्रह असे हजारो संशयित देतो, पण त्यातले बरेच फसवे असतात, मागे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे असतात आणि त्यांचं ग्रहण आपल्याला ग्रहासारखं दिसतं. हे ओळखायला जपानी टीमने मस्कॅट नावाचे कॅमेरे बनवलेत, पहिला ओकायामाला, मग टेनेरीफ बेटावर, हवाईतल्या माउई बेटावर आणि ऑस्ट्रेलियात, नवीन तिन्ही कॅमेरे एकाच वेळी चार रंगांत फोटो घेतात. स्क्रीनवर चार आलेख एकाखाली एक येतात, आजूबाजूचे न बदलणारे तारे निवडून त्यांच्याशी भागाकार करायचा, तारा क्षितिजाकडे झुकला की आलेखाला जो बाक येतो तो काढायचा आणि मग बघायचं की खड्डा चारही रंगांत सारखाच खोल आहे का. सारखा असेल तर ग्रह असायची आशा वाढते, लाल रंगात जास्त आणि हिरव्यात कमी असेल तर बहुधा दोन ताऱ्यांचा खेळ. आठवडाभर जपलेला संशयित असा एका दुपारी गेला की वाईट वाटतं, पण तोही निकालच असतो. मे २०२४ मध्ये जाहीर झालेला ग्लीझ १२ बी हा शुक्राएवढा ग्रह याच पद्धतीने पक्का झाला, आपल्यापासून ४० प्रकाशवर्षं, १२.८ दिवसांत ताऱ्याभोवती फेरी.

दुसरा मोठा गट हवाईतल्या सुबारू या जपानी दुर्बिणीवरच्या आयआरडी या इन्फ्रारेड उपकरणावर काम करतो. लाल बटू तारे आपल्या आसपास सगळ्यात जास्त आहेत पण ते फार मंद, प्रकाश मुख्यतः इन्फ्रारेडमध्ये, म्हणून ग्रहाच्या ओढीने तारा किती हलतो ते इन्फ्रारेडमध्येच मोजायचं, सेकंदाला काही मीटर एवढीशी हालचाल. रॉस ५०८ बी या ग्रहाचा २०२२ चा शोध त्यातलाच.

आता ॲडमिशन. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. सेंटर स्वतः डिग्री देत नाही. तुम्ही सोकेंदाई या विद्यापीठात किंवा टोकियो विद्यापीठात नाव घालता आणि इथला गाइड मिळवता. सोकेंदाईत एमएस्सीवाल्यांना तीन वर्षांची पीएचडी, पदवीवाल्यांना पाच वर्षांचा कोर्स. पण आपली तीन वर्षांची बीएस्सी असेल तर एकूण शिक्षण १५ वर्षं होतं आणि तिकडे १६ धरतात, मग वेगळी पात्रता तपासणी लागते, त्यापेक्षा एमएस्सी करूनच या, सोपं पडतं आणि विषयही पक्का होतो. पैशासाठी मेक्स्ट स्कॉलरशिप, म्हणजे जपान सरकारची, फी माफ आणि महिन्याचा खर्च निघतो. एम्बसीमार्फत जायचं असेल तर फॉर्म साधारण एप्रिल-मेच्या सुमारास निघतात, कागदपत्रं, लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि त्यातून पास झाल्यावर प्रोफेसरचं स्वीकृतीचं पत्र आपणच मिळवायचं, त्यामुळे ईमेल त्याच्या बरंच आधी सुरू करा.

ईमेलमध्ये "लहानपणापासून ताऱ्यांची आवड" हे लिहू नका प्लीज, ते सगळेच लिहितात. टेसचा डेटा फुकट आहे, लाइटकर्व्ह नावाचं पायथन पॅकेज फुकट आहे, एखादा माहीत असलेला ग्रह घ्या, त्याचा ट्रान्झिट स्वतः काढा, त्रिज्या काढा, छापील उत्तराशी जुळत नसेल तर का जुळत नाही ते लिहा आणि तो आलेख जोडा. मला उत्तर आलं ते अशाच एका आलेखावर, आणि त्यातला पहिलाच प्रश्न होता की एरर बार, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, कसे काढले!

बायोलॉजीवाल्यांनी हे वाचून निराश होऊ नये. प्रकाशसंश्लेषण अभ्यासणाऱ्या केनजी ताकिझावा यांचं काम बघा, झाडं जसा लाल रंगाच्या पुढे एकदम जास्त प्रकाश परावर्तित करतात तशी खूण लाल ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर कुठल्या रंगात दिसेल असा तो प्रश्न. पाण्याखाली इन्फ्रारेड फार खोल जात नाही, म्हणून तिथले पहिले जीवही दृश्य प्रकाशच वापरतील आणि खूण पृथ्वीसारख्याच जागी दिसू शकेल असं त्यांनी २०१७ मध्ये मांडलं. आपल्याकडे जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं आठवतंय? पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की हॅलोआर्किया या मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने अख्खं सरोवर वरून वेगळं दिसायला लागतं, हाच तर आमचा प्रश्न आहे, आणि ते सरोवर बुलढाणा जिल्ह्यात बेसॉल्टच्या विवरात आहे. मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी करणाऱ्याने लोणारवर प्रोजेक्ट केला तर कुठल्याही महागड्या ॲस्ट्रोबायोलॉजी सर्टिफिकेटपेक्षा तो माझ्या मते दहापट भारी.

आणि जायच्या आधी पुणे-मुंबई नीट वापरून घ्या. आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्राम, एनसीआरए या तिथल्याच रेडिओ खगोलशास्त्र संस्थेचे विद्यार्थ्यांसाठीचे प्रोग्राम, मुंबईच्या होमी भाभा सेंटरचा नियस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा प्रोग्राम, हे सगळं हाताशी आहे. याच आयुकाच्या जयंत नारळीकर सरांनी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून पार ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करायच्या प्रयोगात पुढाकार घेतला, दुसऱ्या खेपेत बॅक्टेरियाच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला त्यांच्या गुरूंचं म्हणजे फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं. २००९ मध्ये हे जाहीर करतानाही हे जीव पृथ्वीबाहेरूनच आलेत असं ठामपणे म्हटलं नाही. तो संयम मला इथे रोज उपयोगी पडतो, खरंच.

राहण्याबद्दल थोडक्यात. सेमिनार इंग्रजीत निभावतात, पण घरमालक, बँक, नगरपालिकेचे फॉर्म सगळं जपानी, एन४ (जपानी भाषा परीक्षेची खालून दुसरी पातळी) पर्यंत शिकून या म्हणजे प्रत्येक वेळी लॅबमधल्या कुणाला तरी सोबत न्यावं लागणार नाही. शाकाहारी असाल तर दाशी हा शब्द पाठ करा, माशाचा अर्क असतो आणि भाजीच्या सूपमध्येही असतो, विचारल्याशिवाय कळत नाही. डाळ, पोहे, मसाले निशी-कासाईला मिळतात, तिकडे आपले लोक भरपूर आहेत, पण मिताकाहून ते शहराचं पार दुसरं टोक, म्हणून महिन्यातून एकदा मोठी सॅक घेऊन जायचं आणि एकदम भरून आणायचं.