क्रूझ रद्द झाली तर ऑनबोर्ड क्रेडिटचे काय होते?

बुकिंगच्या कागदावर ‘१०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट’ अशी ओळ असते. जहाजावर दुकानात, बारमध्ये, स्पामध्ये रोख चालत नाही. खोलीच्या खात्यावर खर्च चढत जातो, शेवटच्या दिवशी हिशेब होतो आणि त्यातून हे क्रेडिट वजा होते. म्हणजे जहाज सुटेपर्यंत ती फक्त कागदावरची जमा असते. सफरच झाली नाही, तर त्या जमेचे काय, हा प्रश्न आता यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याच्या तालुक्यांतही विचारला जातो. इकडे क्रूझ दोन वाटांनी आली. बियाणे-कीटकनाशकांच्या कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांना सहलीला नेतात, आणि पुण्यात किंवा परदेशात असलेली मुले आईवडिलांचे बुकिंग करून देतात. दोन्हीकडे पैसे भरणारा एक आणि जाणारा दुसरा. रिफंडचा बहुतेक घोळ याच ठिकाणी होतो.

क्रेडिट कोणाच्या पैशातून आले, हे आधी शोधा. कृषी केंद्रात माल परत गेला की त्यावरची स्कीमची क्रेडिट नोटही परत जाते, पण तुम्ही भरलेला अ‍ॅडव्हान्स तुमचाच राहतो. इथेही तसेच आहे. क्रूझ कंपनीने ऑफर म्हणून दिलेले क्रेडिट बुकिंगला बांधलेले असते. बुकिंग रद्द झाले की तेही संपते, त्याचे रोख पैसे मिळत नाहीत. एजंटने स्वतःच्या कमिशनमधून दिलेले क्रेडिटही तसेच जाते, कारण सफर रद्द झाल्यावर त्याचे कमिशन बहुधा राहत नाही. तुम्ही किंवा मुलाने कार्डावर पैसे देऊन विकत घेतलेले किंवा भेट म्हणून टाकलेले क्रेडिट मात्र खरा पैसा आहे. ते परत येते, पण ज्याने भरले त्याच्याच कार्डावर. वडील पुसदला असोत, पैसे जातील पुण्याच्या मुलाकडे.

समजा १०० डॉलरपैकी ५० ऑफरचे आहेत आणि ५० मुलीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून टाकले. ऑफरचे ५० गेले असे धरा, मुलीचे ५० तिच्या कार्डावर मागा. तिने भारतीय कार्डावरून डॉलरमध्ये पैसे भरले असतील, तर परतीची रक्कम त्या दिवशीच्या दराने रुपयांत येते. भरताना बँकेने लावलेला परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे दरावरचा जादा आकार, आणि त्यावरचा जीएसटी सहसा परत मिळत नाही. तेवढा फरक दिसला म्हणून कंपनीशी भांडू नका, तो पैसा कंपनीकडे गेलेलाच नसतो.

इन्व्हॉइसवर ‘रिफंडेबल’ आणि ‘नॉन-रिफंडेबल’ हे शब्द क्रेडिटच्या ओळीशेजारी शोधा. सफर पूर्ण झाली तर उरलेले रिफंडेबल क्रेडिट कार्डावर किंवा रोखीने मिळते, नॉन-रिफंडेबल शेवटच्या रात्री बुडते. शब्द कुठेच नसतील तर एजंटला मेल करून विचारा. उत्तर फोनवर नको, लेखी हवे.

रद्द करण्याआधी

अ‍ॅपमधले ‘कॅन्सल’ बटण सगळ्यात शेवटी दाबा. बुकिंग रद्द झाले की बऱ्याचदा अ‍ॅपमधून त्याचा तपशीलही निघून जातो आणि क्रेडिटची ओळ दाखवायला हाती काही उरत नाही. म्हणून आधी इन्व्हॉइस उतरवून घ्या. खोलीच्या खात्यावरची जमा, आधी घेतलेली पेय पॅकेज, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली, या प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढा. ज्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून पैसे गेले त्याचा व्यवहार क्रमांक त्याच जागी लिहून ठेवा.

वादळाची बातमी आली म्हणून घाईने स्वतः रद्द करू नका. अरबी समुद्रात मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळे येतात, आणि मुंबईहून सुटणाऱ्या सफरींचा हंगाम या काळाला दोन्ही टोकांनी टेकतो. तुम्ही रद्द केले तर कॅन्सलेशन चार्ज तुमच्यावर. कंपनीने रद्द केले तर भाडे परत मिळण्याचा हक्क तुमचा. एका दिवसाच्या धीराने पूर्ण भाडे वाचू शकते. हाच नियम उलट बाजूने अंतिम हप्त्याला लागतो. मोठ्या परदेशी कंपन्या सुटण्याच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी सगळी रक्कम मागतात आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात पायरीपायरीने वाढत जाते. कापसाच्या चुकाऱ्यावर बाकी भरायची असेल तर ही तारीख बुकिंगच्या दिवशीच पाहा. जायचे की नाही हे डळमळीत असेल, तर निर्णय त्या तारखेच्या आत घ्या.

क्रेडिट वापरून आधीच काही घेतले असेल, तर गणित जरा गुंतते. काही कंपन्या सफरीपूर्वीच क्रेडिटमधून सहल बुक करू देतात. समजा ८० डॉलरची सहल ५० क्रेडिट आणि ३० कार्ड अशी घेतली. रद्द झाल्यावर ३० कार्डावर येतात, ५० पुन्हा क्रेडिट बनतात आणि ते ऑफरचे असेल तर बुकिंगसोबत जातात. जाण्याची खात्री नसेल तर म्हणून आधी ऑफरचे क्रेडिट वापरा, कार्ड नंतर.

कंपनीने रद्द केल्यावर पर्याय आला तर

कंपनी बहुधा दोन गोष्टी समोर ठेवते: पैसे परत, किंवा पुढच्या सफरीसाठी क्रेडिट. हे ‘फ्युचर क्रूझ क्रेडिट’ वेगळे असते. ते पुढच्या सफरीच्या भाड्यात वळते, जहाजावरच्या खर्चात नाही. २०२० मध्ये कोरोनाने जहाजे थांबली तेव्हा कार्निव्हल या अमेरिकन क्रूझ कंपनीने भाड्याएवढे फ्युचर क्रूझ क्रेडिट घेणाऱ्यांना वर प्रत्येक खोलीमागे ३०० किंवा ६०० डॉलरचे ऑनबोर्ड क्रेडिट देऊ केले. लहान सफरीला ३००, सहा दिवसांच्या किंवा मोठ्या सफरीला ६००. ज्यांनी रोख परतावा घेतला त्यांना हे वरचे मिळाले नाही. ऑफरची रचना साधारण अशीच असते, म्हणून आकडा मोठा दिसला तरी मुदत पाहा, नाव बदलता येते का ते पाहा, आणि पुढच्या वर्षी पेरणी-काढणीतून सुट्टी काढून जाणे खरोखर जमेल का याचा विचार करा. जमणार नसेल तर रोख घ्या. आमचे मत याबाबत ठाम आहे: वर्षातून एकदाही मुंबई गाठणे अवघड असलेल्या घराने व्हाउचरवर समाधान मानू नये.

मुलांनी अमेरिकेतल्या बंदरातून सुटणारी सफर घेतली असेल, तर फेडरल मेरिटाइम कमिशन या तिथल्या सागरी वाहतूक नियामकाचा २०२२ चा नियम कामाचा आहे. सफर रद्द झाली किंवा सुटायला तीन दिवस किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर प्रवाशाला परतावा मागता येतो आणि मागणीनंतर ६० दिवसांत तो द्यावा लागतो. मुंबई, चेन्नई, कोचीहून सुटणाऱ्या सफरींना हा नियम लागत नाही. तिथे कंपनीच्या अटी आणि आपला ग्राहक कायदा.

जहाज सुटले पण एखादे बंदर चुकले, तर त्या बंदराचा कर आणि फी बऱ्याचदा खोलीच्या खात्यात जमा करतात, आणि कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात. ही जमा रिफंडेबल आहे का, हे शेवटच्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर विचारा. सकाळी उतरण्याच्या गर्दीत ते होत नाही. रोख डिपॉझिट भरून खाते उघडले असेल, तर उरलेली रक्कम तिथूनच रोख घेऊन पावती मागा.

पैसे अडकतात कुठे

एजंटला एनईएफटी किंवा यूपीआयने पैसे दिले असतील, तर कंपनीचा परतावा आधी एजंटच्या खात्यात जातो. ‘कंपनीने अजून दिले नाहीत’ असे उत्तर आले, तर कंपनीने दिलेला रिफंडचा संदर्भ क्रमांक आणि तारीख मागा. कार्ड बंद केले असेल तरी परतावा ते देणाऱ्या बँकेकडेच जातो, तिथे अर्ज करून तो काढावा लागतो. परदेशी पॅकेजवर भारतीय एजंटने टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतला असेल आणि तो सरकारात भरून झाला असेल, तर तो एजंट परत देत नाही. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, नोंद पाहून तो आयकर रिटर्नमध्ये मागावा लागतो.

कृषी केंद्रवाल्यांनी एक गोष्ट खास पाहावी. १ जुलै २०२२ पासून व्यवसायातून मिळालेला लाभ वर्षात २० हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापला जाणारा आयकर, आहे, आणि कंपनीने दिलेली सहल त्यात बसते. सहल रद्द झाली, बदल्यात काहीच मिळाले नाही आणि २६एएसमध्ये मात्र लाभाची रक्कम दिसते, तर कंपनीच्या अकाउंट विभागाला लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घ्या. नाहीतर न केलेल्या सहलीचे उत्पन्न तुमच्या नावावर राहते. भाड्याचा आणि क्रेडिटचा परतावा अशा वेळी कंपनीलाच जातो, डीलरला त्यावर हक्क सांगता येत नाही. मात्र तुम्ही पत्नीसाठी वेगळे पैसे भरले असतील तर तेवढे स्वतंत्र मागा, आणि ती पावती कंपनीच्या गटाच्या इन्व्हॉइसमध्ये मिसळू देऊ नका.

मेल पाठवून महिना झाला आणि उत्तर नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवा. कार्डाने भरले असेल तर त्याच वेळी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागा, त्याची मुदत मर्यादित असते. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. एजंटचे ऑफिस मुंबईत असले तरी वाशिमचा माणूस वाशिमच्या आयोगात जाऊ शकतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार घरून भरता येते. तक्रारीत भाडे, विकत घेतलेले क्रेडिट आणि सहलीचे पैसे वेगवेगळ्या ओळींत मांडा. ऑफरचे क्रेडिट त्यात घुसवले, तर समोरची बाजू तेवढेच धरून बसते आणि खऱ्या पैशाचा मुद्दा मागे पडतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. एजंटच्या ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनाने ती थांबत नाही.