तलवार वजनावर घेऊ नका

तलवार बघायला जाताना खिशात व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, ठेवा. दुकानदार हसेल, हसू दे. मी उद्यमबागेत २७ वर्षं भट्टीवर काढली, गिअर आणि शाफ्ट कडक करण्यात. आमच्या बेळगावची शिवजयंती वैशाखातली, त्यामुळे चैत्र लागला की वडगावातल्या तालमीची पोरं मिरवणुकीत फिरवायची नवी तलवार काखेत मारून दारात उभी राहतात.

"मामा, बघून सांगा की. दोन हजार दिलो. वजन एकदम ओरिजिनल हाय."

वजन खरंच बरोबर असतं. तिथंच फसतात सगळे.

माझ्या मेहुण्याच्या घरी, खानापूर तालुक्यात, देवघराच्या वरच्या फळीवर एक जुनी तलवार आहे. खंडेनवमीला खाली उतरते, एरवी कुणी हात लावत नाही. एका वर्षी मी पूजेआधी तिला मोजून घेतली. मेहुणा बघत राहिला, बहीण चिडली. पातं ३० इंच. पात्याच्या पाठीची जाडी मुठीपाशी ७ मिलिमीटर, मध्यावर साडेचार, टोकापासून चार बोटं मागे जेमतेम २. मुठीसकट वजन हजार ग्रॅमच्या थोडं वर. बोटावर तोलली तर परजेपासून, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या पट्टीपासून, ६ इंचांवर स्थिर राहिली.

आता पोराची दोन हजारवाली. वजन तेवढंच. पाठीची जाडी मुठीपाशी ४, मध्यावर ४, टोकाशी ४. तोल साडेआठ इंचांवर. म्हणजे पत्र्याची पट्टी कापून तिला कड मारली आणि बाक दिला. किलोभर लोखंड दोन्हीकडे आहे, पण एकीत ते हाताशी आहे आणि दुसरीत टोकाशी. दहा मिनिटं फिरवल्यावर पोराचं मनगट सुजलं आणि तो म्हणाला, जुने मावळे काय ताकदीचे असतील! अरे बाबा, ताकदीचे होतेच, पण त्यांच्या हातात तुझी पट्टी नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट: पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजा. मुठीपाशी, मध्यावर, टोकाजवळ. तिन्ही आकडे सारखे आले तर भाव कितीही पाडून मिळो, परत ठेवा. व्हर्निअर नसेल तर पातं डोळ्यासमोर आडवं धरून पाठीकडून बघा. चांगल्या पात्याची पाठ उसाच्या पानासारखी निमुळती होत जाते.

ही निमुळती जाडी दुकानात का मिळत नाही, त्याचा हिशोब सरळ आहे. ७ मिलिमीटर हवी तर ८ची पट्टी घ्यावी लागते. ४० बाय ८ची पोलादी पट्टी मीटरला अडीच किलो भरते. पातं आणि मुठीत जाणारं शेपूट धरून ९० सेंटिमीटर कापली तर सव्वादोन किलो. तयार पातं पाऊणएक किलोचं. उरलेलं दीड किलो पोलाद ग्राइंडरखाली भुकटी होऊन जातं, आणि त्या भुकटीची मजुरी तुम्ही देता. लोहार घणाने ओढून पातळ करतो तेव्हा माल वाचतो, वेळ वाचत नाही. ४ मिलिमीटरच्या पत्र्यातून पाच मिनिटांत कापलेलं पातं त्यापुढे स्वस्त पडणारच.

कॅम्पात राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांना इंग्रजी घोडदळाची १७९६ची तलवार हवी होती, वाकडी, टोकाकडे रुंद होत जाणारी. ले मार्शां नावाच्या अधिकाऱ्याने तिचा नमुना ठरवला होता, पातं सुमारे ३३ इंच. तिची पाती पुढे आपल्याकडच्या मुठींतही बसवली गेली. तिच्यात गंमत अशी की पातं टोकाकडे रुंद होतं तसं पातळही होत जातं, म्हणून हलकी चालते. सुभेदारांनी मागवलेल्या नकलेत रुंदी बरोबर उतरली होती, जाडी तशीच राहिली होती. हातात घेतली तर कुऱ्हाड. त्यांनी ती बैठकीत टांगली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही.

दुसरी गोष्ट शेपटाची. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो तो दिसत नाही, म्हणून चोरी तिथं होते. पात्याच्या मागे दहा मिलिमीटरची आटेदार सळई वेल्ड करतात, वरून नट आवळतात, मुठीवर पितळी टोपी बसवतात. आमच्या तालमीत अशाच एका तलवारीचं पातं हात फिरता फिरता सुटलं आणि समोरच्या खोलीच्या दारात रुतलं. दारामागे पोरीबाळी बसल्या होत्या. तेव्हापासून आमच्या आखाड्यात शेपूट दाखवल्याशिवाय कुठलीही नवी तलवार फिरत नाही. दुकानदाराला विचारा, मूठ काढून दाखवतोस का? नाही म्हणाला तर मूठ घट्ट धरून पात्याच्या पाठीवर लाकडी हातोडीने हलकं ठोका. आत काही सैल असेल तर खुळखुळ हातालाच कळते.

जुन्या मुठींत लाख आणि राळ वितळवून ओतत आणि छोटंसं शेपूट त्यात रोवत. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं मी पाहिलंय. पण रोज उन्हात फिरवायची असेल तर मी इपॉक्सी भरतो आणि एक आरपार पिन मारतो. जुन्या वस्तूंचे शौकीन नाक मुरडतात. मुरडोत. दारामागे त्यांच्या मुली नव्हत्या.

आता माझ्या घरचा विषय, पाणी देण्याचा, म्हणजे पातं तापवून तेलात सोडून कडक करण्याचा. स्वतः करून घ्यायची तर पट्टी ईएन ४५ची घ्या. गाडीच्या कमानीचे पाटे ज्या जातीच्या पोलादाचे असतात तीच. जुना पाटा भंगारातून उचलू नका. लाखो किलोमीटर हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, त्या पाणी देताना उघडतात. आमच्या ओळखीचा लोहार कन्नड बोलणारा. कुठलंही पोलाद पुढं ठेवा, तो "आगतद्री" म्हणतो. होईल हो! होतंही, पण त्याच्या भट्टीत एका वेळी फूटभर पातं तापतं. सलग ३० इंच सारखं तापलं नाही तर अर्धं कडक, अर्धं मऊ. म्हणून घडण त्याच्याकडून घ्या आणि पाणी द्यायला उभी, खोल भट्टी असलेल्या कारखान्यात न्या. पातं उभं टांगून तापवायचं आणि उभंच तेलात सोडायचं. आडवं सोडलं की पिळ पडतो. कडकपणा रॉकवेल सी या मापावर ४८ ते ५० मागा आणि आकडा बिलावर लिहून घ्या. शेपटाचं भोक आधी पाडून न्या, नंतर ड्रिल मोडतील. परत आणल्यावर पॉलिशला बसाल तेव्हा हात सावकाश. पात्यावर निळी झाक आली की तिथं पातं जास्त तापतंय समजा.

दुकानातल्या तलवारीचं पाणी तपासायचं तर टोक लाकडी फळीवर टेकवून हळूच दाबा, मध्यावर चारएक इंच बाक येऊ द्या, सोडा. पाठीकडून नजर लावून बघा, सरळ झालं का. वाकलेलं राहिलं तर मऊ लोखंड. दुकानदार हा प्रयोग करू देत नसेल तर उत्तर मिळालंच. चकचकीत स्टेनलेसचं पातं भिंतीसाठी घ्या, फिरवायला नको. ॲसिडने नक्षी उठवून दमास्कस (अंगचीच नक्षी असलेलं पोलाद) म्हणून दुप्पट भाव लावतात तेही सोडा. पात्यावरची पन्हळ रक्त वाहायला असते असं सांगणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका. ती वजन कमी करायला असते.

मुठीबद्दल एवढंच: जुन्या मुठी लहान असतात, मेहुण्याच्या तलवारीत माझी चार बोटं दाटून बसतात. आजच्या पोरांसाठी मी पाव इंच वाढवतो, जास्त नाही. जास्त वाढवली की मनगट मोकळं फिरतं, मग मुठीच्या बुडाची वाटी हाताला टोचते ती तक्रार घेऊन येतात.

स्वस्तात कशी बसवायची? एकट्याने नाही. भट्टीवाला एक पातं टाका की सहा टाका, कमीत कमी रक्कम तीच घेतो. गेल्या वर्षी आम्ही सहा जणांनी मिळून केलं, तलवारीमागे साडेपाच हजार पडले, म्यान वेगळं. दोन हजारवाल्या तीन मोडण्यापेक्षा परवडतं. तरी पोरांना ते महागच वाटतं, त्यांचंही चुकत नाही. देहरादूनकडचे कारखाने परदेशातल्या हौशींसाठी बरी पाती काढतात. आपल्या धोपेची (सरळ, लांब पात्याच्या मराठी तलवारीची) तशी नक्कल वाजवी भावात कुणी काढली तर मी पहिला गिऱ्हाईक.

धार लावू नका. कड दीड-दोन मिलिमीटर बोथट ठेवा. आणि बोथट असली म्हणून ती खेळणं ठरत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार शस्त्रांतच मोजतात. बनवायच्या आधी आपल्या ठाण्यात जाऊन विचारा, मिरवणुकीच्या आधी पुन्हा विचारा, कारण बंदीचा हुकूम दरवर्षी बदलतो. कोल्हापूरहून आणत असाल तर राज्याच्या सीमेवर कोगनोळीला गाडी थांबवली जाऊ शकते. बिल, तालमीचं पत्र जवळ असू द्या, आणि तलवार डिकीत कापडात गुंडाळलेली. सीटवर ठेवून सेल्फी काढत येऊ नका.

पूजा झाली की हळदकुंकू त्याच संध्याकाळी पुसून काढा. ओल्या कुंकवाखाली रात्रभरात ठिपके पडतात ते कशानेही जात नाहीत. पुसून मशीनचं पातळ तेल लावा. खोबरेल चिकटून बसतं. पावसाळ्यात म्यानातून काढून ठेवा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, आणि मखमलीचं म्यान त्या चार महिन्यांत ओल्या फडक्यासारखं पात्याला लपेटून बसतं.