दोन क्लास घेतलेत? स्लॉटची बेरीज करा, मंत्रांची नको
लातूरला आमच्या रविवारच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवायच्या खेळाच्या डावात नव्या पोरांचा घोळ हमखास इथंच होतो. पाचव्या आवृत्तीत विझार्ड (जादूगार) लेव्हल ३, क्लेरिक (पुजारी) लेव्हल २ असे दोन क्लास, म्हणजे पेशे, असलेलं पात्र असेल, तर लेव्हलची बेरीज करून मल्टिक्लासच्या तक्त्यात ५ची ओळ बघा: पहिल्या पातळीचे ४ स्लॉट (म्हणजे मंत्र टाकायच्या संधी), दुसऱ्या पातळीचे ३, तिसऱ्या पातळीचे २. मंत्र मात्र क्लासगणिक वेगळे मोजायचे. लेव्हल ३च्या विझार्डला दुसऱ्या पातळीपर्यंतचेच मंत्र येतात, त्यामुळे स्लॉट हाताशी असूनही तिसऱ्या पातळीचा फायरबॉल मंत्र मिळत नाही. पण तो मोठा स्लॉट पडून राहू देऊ नका. त्यातून पहिल्या पातळीचा मॅजिक मिसाइल मंत्र सोडा, ३ऐवजी ५ बाण सुटतात! वॉरलॉक या क्लासचे खास पॅक्ट स्लॉट या बेरजेत धरत नाहीत; पात्राच्या शीटवर त्यांना वेगळा रकाना करा.